वायरीतली टाचणी

धैर्यशीलनं पहिली कानफटात दिली तेव्हा माझ्या एका हातात राऊटर होता आणि दुसऱ्या हातात त्याची वायर. हात गुंतलेले होते, नाहीतर त्या वयात मीही कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नव्हतो.

"जेवायच्या आधी ये म्हणून निरोप धाडलाता. आता उगवतूस व्हय?"

"पोलावर होतो. माझ्याकडं काय विमान हाय, उडत यायला?"

दुसरी बसली. ओठ दातात सापडला आणि तोंड खारट झालं. मी राऊटर पलंगावर ठेवला, मूठ आवळली, तेवढ्यात दारातनं आबांचा आवाज आला.

"धैर्या, कामाचा माणूस हाय त्यो. आधी काम करून घे."

आबा म्हणजे सर्जेराव खराडे. आमच्या गावात द्राक्षाच्या निम्म्या बागा त्यांच्या आणि बेदाण्याची दोन शेडही त्यांचीच. धैर्यशील त्यांचा पुतण्या. अंगानं रेडा आणि डोक्यानं त्याहून पुढचा. मी बसवराज, गावात सगळे बसू म्हणतात. केबलच्या ऑफिसात कामाला होतो. टीव्हीची वायर ओढायची आणि ज्यांना हवंय त्यांना त्याच वायरीतनं इंटरनेट जोडून द्यायचं, हे माझं काम. तेव्हा मोबाईलवर नुसतं बोलणं धड होत नव्हतं, चेहरा बघत बोलायचं म्हटलं की आमच्या केबलशिवाय गावाला गत्यंतर नव्हतं.

ती खोली वृषालीची होती. आबांची एकुलती एक लेक. उन्हाळ्याच्या तोंडाला ती घरातनं निघून गेली आणि कॉलेजातल्या एका पोराशी जातीबाहेर लग्न केलं. ती गेली त्या दिवशी आबांनी तिचा कॉम्प्युटर अंगणात आणून कुदळीनं फोडला होता. सगळ्या गल्लीनं ते बघितलं होतं. कुणी 'आबा, बास' म्हणायला पुढं झालं नव्हतं. मोडेम तेवढं कपाटामागं होतं म्हणून वाचलं.

आणि आता खोलीला ताजा चुना दिलेला. पलंगावर नवी चादर, भिंतीवर वृषालीचा शाळेतला फोटो, त्याला हार नाही, नुसता पुसून लख्ख केलेला. टेबलावर नवाकोरा लॅपटॉप, झाकण उघडं. त्याच्यासमोर दोन खुर्च्या.

"पोरीचा निरोप आलाय," आबा म्हणाले. पांढरी शुभ्र इस्त्रीची कापडं, कपाळाला गंध. "पाच वाजता ती ह्याच्यावर बोलणार हाय. म्हणली, आबा आणि आई दोघं शेजारी बसलेले मला दिसू द्यात, आई हसून बोलू दे. मग घर सगळं फिरवून दाखवा, स्वयंपाकघर, गोठा, सगळं. मग सांगते मी कुठं हाय ते. मग येते."

"चांगलं झालं की आबा."

"पोटची पोर हाय. किती दिवस राग धरायचा?"

मला खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? गालाची आग होत होती तरी बरं वाटलं. वृषाली गुणी पोरगी. तिचं नेट जोडायला गेलो तेव्हा तिनं मला सगळं विचारून घेतलं होतं, कुठला दिवा कशाचा. सर्जेरावानं मोठं मन केलं असं गावात सगळे म्हणत होते, आणि मीही तेच म्हणत कामाला लागलो.

घरभर लॅपटॉप फिरवायचा म्हणून धैर्यशीलनं सांगलीहून राऊटर आणला होता. स्वतःच जोडायला गेला आणि फसला. उंटावरचा शहाणा! राऊटरचा एक दिवा लाल तो लालच. मी मोडेम बघितलं. त्याचे सगळे दिवे हिरवे, स्थिर. म्हणजे पोलापासनं इथपर्यंत लाईन ठणठणीत होती.

"राऊटर खराब दिलाय भडव्यानं," धैर्यशील म्हणाला.

"राऊटरला काय धाड भरलीया? मोडेमची खोड हाय ही. पयल्यांदा ज्या यंत्राशी गाठ घालून दिली त्यालाच त्ये वळखतंय. दुसरं आणून जोडलं की ढिम्म. त्याला अजून वृषालीचा कॉम्प्युटरच पायजे."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी जीभ चावली.

"मग आता?" ते म्हणाले.

"सगळं बंद करायचं. वायरी काढून ठेवायच्या, थोडा वेळ तसंच ऱ्हाऊ द्यायचं, म्हंजे त्ये जुनं विसरतंय. मग आधी मोडेम चालू करायचं, त्याचे दिवे थांबले की मग राऊटर. झालं."

"कर मग."

मी सगळं बंद केलं. तेवढ्यात काकी दारात आल्या. इंदुमती काकी, वृषालीची आई. हातात घडी घातलेलं इरकली लुगडं.

"मला लुगडं बदलायचंय," त्या खाली बघत म्हणाल्या. "माझं कपाट ह्याच खोलीत हाय."

"बदल," आबा म्हणाले. "आणि तोंड धू नीट. रडलेलं दिसाय नगं. चल बसू, च्या घे तंवर."

आम्ही बाहेर सोप्यावर आलो. अंगणात जीप उभी होती, मागं शेडवरची दोन माणसं बसलेली. दोघंही मला ओळखणारी, पण एकानंही मान हलवली नाही. चहा पिता पिता माझं लक्ष सीटखाली गेलं. पोतं होतं आणि पोत्यातनं कोयत्याची मूठ बाहेर आली होती. द्राक्षं उतरून महिना होऊन गेला होता. शेतात कोयत्याचं काय काम, असं मनात आलं.

"कुठं निघालाय?" मी धैर्यशीलला विचारलं.

"ती सांगंल तिथं. पुण्यात असली तर रातच्याला पोचतोय. मुंबईत असली तर सकाळ."

"आणायला?"

तो हसला. जीपमधला एकजणही हसला. "आणायला कशापायी? आणून ठिवायची कुठं? गावात तोंड दाखवायचं हाय का न्हाय आमाला?"

आबा बशीत चहा ओतत होते. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती, चार हातांवर बसले होते. फुंकर मारून चहा प्याले आणि मला म्हणाले, "आटप रं. पाच वाजत आल्यात."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. पोलीस पाटील आबांचा चुलतभाऊ. केबलच्या मालकाला फोन करावा तर मालकाची अर्धी लाईन खराड्यांच्या पोलांवर. वृषालीचा नंबर मला ठाऊक नाही. मी उठलो, आत गेलो, आणि एकच विचार केला की काम बिघडवायचं. कसं ते सुचत नव्हतं. धैर्यशील पाठीमागं उभा होता, मी काय करतोय ते बघत. वायर चुकीच्या भोकात घातली असती तर ते त्याच्याही लक्षात आलं असतं, तेवढं तो एव्हाना शिकला होता.

काकी लुगडं बदलून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. हिरवं इरकल, कपाळाला ठळक कुंकू. मी मोडेम चालू केलं. पहिला दिवा लागला. दुसरा लुकलुकायला लागला. तो थोड्या वेळानं थांबतो. थांबला नाही. मी वाट बघितली, तरी लुकलुकतच राहिला.

मी बंद करून पुन्हा चालू केलं. तेच. आणि खरं सांगतो, माझा विश्वासच बसेना. मी काहीच केलं नव्हतं! चहाला जाण्याआधी लाईन ठणठणीत होती. मधल्या वेळात वायरीला काहीतरी झालं होतं.

"काय झालं?" धैर्यशील.

"लाईन गेली."

"आत्ता तर म्हणलास ठणठणीत हाय."

"तवा हुती."

आमच्या धंद्यात वायर डोळ्यांनी बघून भागत नाही, बोटांनी बघावी लागते. मी गुडघ्यावर बसलो आणि भिंतीतनं वायर आत येते तिथनं बोट फिरवत निघालो. कपाटामागं हात गेला आणि बोटाला काहीतरी बारीक, गोल लागलं. मी मान वाकडी करून बघितलं. टाचणी होती. लाल मण्याची टाचणी, वायरीत आरपार रुतवलेली. आतली तार आणि वरची जाळी एकमेकांना टेकली की अख्खी लाईन मरते, आणि बाहेरनं बघणाऱ्याला वायर चांगलीच दिसते. केबलवाले एकमेकांच्या लाईनी अशाच मारत. मागं एकदा या घराचा टीव्ही असाच बंद पडला होता, तेव्हा मीच ती टाचणी काढून काकींना दाखवली होती. म्हटलं होतं, बघा काकी, एवढीशी हाय पण अख्ख्या गल्लीचा टीव्ही झोपवलाय हिनं. त्या तेव्हा खूप हसल्या होत्या.

मी मान वळवली. काकी माझ्याकडंच बघत होत्या. पदर खांद्यावरनं घसरला होता, लावायला टाचणी नव्हती.

मी हात बाहेर काढला. "इथं काय न्हाय," मी म्हणालो. "पोलावरनंच गेलीया. बाजूच्यांच्यात टीव्ही चालतोय का बघून ये."

धैर्यशील बघायला गेला, पण दारातनं परत फिरला आणि माझ्या खिशातला मोबाईल काढून घेतला. "पळालास तर तंगडी मोडीन." मग गेला. आबा सोप्यावर जीपवाल्यांशी बोलत होते.

"काकी," मी कुजबुजलो.

"काढू नगंस, बसू. पाया पडते तुझ्या."

"तुमी तिला खुणावायचं की. तोंडावरनं कळंल तिला."

"न्हाय कळायचं." त्या पदर हातानं धरून बसल्या होत्या. "मी हसीन. ह्ये शेजारी बसून हस म्हणतील आणि मी हसीन. इतकी वरसं मार खाल्ला आणि त्याच तोंडानं बाहेर येऊन पावण्यास्नी च्या दिला. सवय झालीया. तीच भीती हाय बघ. पोरगी बघंल आणि खरं मानंल."

मी दाराकडं एक नजर टाकली.

"आज टळंल," मी म्हणालो. "उद्याचं काय? सांगलीला घिऊन जातील तुमास्नी. तिथं नेटच्या दुकानात बसवतील."

"उद्याचं मला ठावं न्हाय."

धैर्यशील परत आला. त्याचं तोंड बघूनच कळलं. शेजारी टीव्ही चालू होता.

"लाईन हाय," तो म्हणाला. "समद्यांच्यात हाय. तूच कायतरी केलंयस."

"मी कशाला करीन?"

त्यानं लाथ घातली ती बरगडीत. मी कपाटावर आदळलो, वरचा पितळी डबा खाली पडला. उठायला गेलो तर केस धरून मला खोलीच्या मध्यावर ओढलं आणि तोंडावर गुडघा मारला. नाकातनं रक्ताची धार लागली. मीही गप्प बसलो नाही. त्याच्या मांडीला असा चावलो की तो ओरडला. पण त्याचं वजन माझ्या दुप्पट. खाली पाडून छातीवर बसला आणि ठोसे घालत राहिला. उजवा, डावा, पुन्हा उजवा. डोळ्यांपुढं काजवे चमकले म्हणतात ते तेव्हा मला कळलं.

"कुणी पैसं दिलं तुला? त्या पोरानं दिलं? बोल!"

"तुझ्या आयला..." मी म्हणालो. पुढचं तोंडातच राहिलं.

आबा आत आले. शांत होते. त्यांनी घड्याळ बघितलं, दार लोटलं, आणि फळीवरची छाटणीची कात्री काढली. वेलाची काडी एका दाबात तोडते ती, आखूड, वाकड्या पात्याची.

"हात धर त्याचा," ते पुतण्याला म्हणाले. मग माझ्याकडं वाकून अगदी मऊपणानं, "बसू, लेकरा, तुझ्याशी माझं काय वैर न्हाय. येवढं जोडून दे. पाच मिंटाचं काम हाय न्हवं?"

"लाईन न्हाय आबा."

माझा डावा हात पलंगाच्या लाकडी कडेवर दाबला होता. कात्री करंगळीला लागली तेव्हा थंड लागली. मला वाटलं घाबरवतायत. एवढा मोठा माणूस, गंध लावलेला, असं कुठं करतोय?

कट् असा आवाज झाला. काडी तोडल्यासारखाच. आधी दुखलंच नाही. चादरीवर रक्त उडालं आणि करंगळीचं वरचं पेर चादरीवर पडलेलं दिसलं. मग दुखलं. मी जो ओरडलो तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"दुसरं धर," आबा म्हणाले.

"मी केलंय!"

काकी उभ्या राहिल्या होत्या. "सोडा त्याला. त्यानं काय केलं न्हाय, मी केलंय. काय केलंय त्ये मला मारून टाकलंसा तरी सांगायची न्हाय."

मग आबा वळले. कात्री हातात होती तशीच, मूठ पुढं करून त्यांनी काकींच्या कपाळावर हाणली. कुंकवाच्या वरच फुटलं. त्या टेबलाला धडकल्या, खुर्ची आडवी झाली. पुन्हा हाणलं. "माझ्या घरात ऱ्हाऊन? माझं खाऊन?" धैर्यशीलनं मला सोडलं आणि काकींचे हात मागं धरले. "कुठं केलंस? काय केलंस?" प्रत्येक शब्दाला एक फटका. काकी तोंडातनं हूं का चूं करत नव्हत्या.

मी उठून आबांच्या पाठीवर झेप घेतली. त्यांच्या कोपराच्या एका फटक्यात भिंतीपाशी जाऊन पडलो, कपाटाजवळ. हाताचं रक्त फरशीवर पसरत होतं. आणि तिथं पडल्यापडल्या मला सरळ दिसलं. समोर टेबलावर लॅपटॉप उघडा होता. झाकणावरचा बारीक कॅमेरा खोलीकडं तोंड करून. पोरीला बापाचा चेहरा बघायचा होता ना? आज लाईन दिली नाही तर उद्या दुसरीकडून देतील, त्या दिवशी कापडं इस्त्रीची असतील आणि काकी हसत असतील. आज जे आहे ते असं परत कधी दिसणार नाही.

मी कपाटामागं हात घातला आणि टाचणी उपसली.

मोडेमचा पहिला दिवा लागलेलाच होता. दुसरा लुकलुकत होता. थांब की, थांब की रे भाड्या, असं मी मनात म्हणत होतो. आबांनी काकींची वेणी धरून डोकं मागं खेचलं होतं. दिवा थांबला. तिसरा लागला. मी सरपटत जाऊन राऊटरची वायर सॉकेटात खुपसली. आधी मोडेम, मग राऊटर. दिवा लाल. काकींच्या हिरव्या लुगड्यावर रक्त गळत होतं आणि मी इकडं दिवे बघत बसलेलो. त्या वेळी मला स्वतःचीच किळस आली. पण दुसरं काय करता येत होतं मला? लाल दिवा विझला आणि हिरवा लागला.

लॅपटॉप वाजायला लागला.

तिघंही थांबले. पडद्यावर वृषालीचं नाव आणि एक हिरवं बटण. धैर्यशीलनंच दुपारी काकींना दहादा शिकवलं होतं, वाजलं की हिरवं बटण दाबायचं. तो "न्हाय न्हाय, थांब" म्हणत काकींचे हात सोडून टेबलाकडं झेपावला, त्याआधी काकींनी टेबलावर अंग टाकलं आणि बटण दाबलं.

वृषालीचा चेहरा आला. मागं निळी भिंत, कुठलंही गाव असू शकलं असतं. केस ओले होते, आईला भेटायचं म्हणून नीट विंचरलेले. ती हसतच होती. "आई," म्हणाली, आणि मग गप्प झाली.

काकींचा निम्मा चेहरा लाल झाला होता. मागं आबा उभे, मुठीत कात्री, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे शिंतोडे. पहिल्यांदा त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग आलं. त्यांनी कात्री पाठीमागं घेतली, चेहरा सारखा केला आणि म्हणाले, "बाळ वृषाली... ये गं. घरी ये. कुठं हाईस तू?"

तो आवाज किती प्रेमळ होता, मला आजही झोपेत ऐकू येतो.

"सांगू नगंस!" काकी ओरडल्या. "वृषे, सांगू नगंस! परत फोन करू नगंस!"

आबांनी कॅमेऱ्यासमोरच त्यांच्या तोंडावर हाताची पाठ मारली. वृषाली किंचाळली. तिच्या मागनं एक तरणा पोरगा आला, पडद्याकडं बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वृषालीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. मग तिनं हात काढले, आबांकडं नीट बघितलं, आणि पडदा काळा झाला.

धैर्यशीलनं लॅपटॉप उचलून भिंतीवर आपटला. पण आता ते व्यर्थ होतं. आबा खाली पडलेल्या खुर्चीकडं बघत उभे राहिले. माझ्या ओरडण्यानं गल्ली गोळा झाली होती, सोप्यावर माणसं चढली होती, कुणीतरी दार ढकललं. ज्यांच्यापुढं तोंड दाखवायची एवढी चिंता होती ती सगळी माणसं दारात उभी होती. बाया पदर तोंडाला लावून. कात्री अजून आबांच्या हातात होती.

काकींनी पदरानं डोळ्यातलं रक्त पुसलं. माझं तुटलेलं पेर चादरीवरनं उचललं, पदराच्या टोकात बांधलं. "चल बसू," म्हणाल्या, "दवाखान्यात."

कुणी अडवलं नाही. तसल्या हातानं मला गाडी चालवता येत नव्हती म्हणून आम्ही दोघं भर बाजारातनं चालत गेलो. मी एका हातानं दुसरा हात धरलेला, त्या अनवाणी, लुगडं रक्तानं माखलेलं. भजीवाल्यानं झारा हातात धरून बघितलं. काकींनी कुणाचीही नजर चुकवली नाही. काकी त्या घरात परत गेल्या नाहीत आणि वृषाली कुठं होती ते मी कधी विचारलं नाही. ती जिवंत आहे, तिला दोन लेकरं आहेत, एवढं मला ठाऊक आहे आणि तेवढं पुरे.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाईंनी मला आधी आत घेतलं, हात आवळून बांधला. पेर काही जुळायचं नाही म्हणाल्या. मग काकींच्या जखमेत बोरिक कापूस दाबत, वर न बघता नेहमीच्या सवयीनं विचारलं, "काय काकी, परत मोरीत घसरलात?"

"न्हाय."

"मग?"

"मारलं."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "कुणी?"

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे? काकी, पोलिसात द्यायचं तर नाव लागतं. पुरं नाव."

काकींनी माझ्याकडं बघितलं. आमच्याकडं त्यांच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनच्या दुकानात घेत नाहीत, मतदानाला गेल्या तर शेजारची सांगते. हळदीकुंकवात उखाणा घ्या म्हणून बाया मागं लागायच्या तेव्हाही काकी लाजून हात जोडायच्या. मी सांगायला तोंड उघडलं.

"तू थांब," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मान ताठ केली.

"सर्जेराव तातोबा खराडे."

डॉक्टरीणबाईंना वाटलं असावं की आता बाई रडेल, नाही म्हणेल. काकींनी पुन्हा नाव घेतलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी बोलणं थांबवून ते ऐकलं.